दीड खोलीतल्या दोन माहेरवाशिणी

घर कसं सजवावं हे ज्यांना शिकायचं असेल, त्यांनी खुशाल माझ्याकडे यावं! हे वाक्य मी विनयानं लिहितो आहे. विनय बाजूला ठेवला तर याहून बरंच मोठं वाक्य मला लिहिता येईल.

अमरावतीत, बडनेरा रोडच्या आतल्या एका गल्लीत, जयवंताकाकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर आमची भाड्याची दीड खोली आहे. दीड म्हणण्याचं कारण असं की, एक म्हणावी तर तिच्यावर अन्याय होतो आणि दोन म्हणावी तर ते खोटं ठरतं. लांबट, अरुंद, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला गॅसची शेगडी. दारात आलेल्या पाहुण्याला बसण्यापूर्वीच आज भाजी कोणती आहे हे कळतं आणि ती लागली आहे का, हेही.

मी ईशान. मराठीचा एम.ए. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो; म्हणजे तास झाला तर मानधन, सुट्टी लागली तर आत्मचिंतन. उरलेल्या वेळात कविता लिहितो. माझ्या कवितांत एकाकीपणा, भिंती आणि न उघडणाऱ्या खिडक्या पुष्कळ असतात. माझी पत्नी मैथिली म्हणते, "खिडकी उघडत नाही कारण तिचं लाकूड फुगलंय. कविता कसल्या करतोस? सुतार बोलाव!"

घराला ऊब हवी, असं सजावटीच्या पुस्तकांत म्हणतात. अमरावतीत ऊब हा प्रश्नच नाही! मे महिन्यात ती इतकी जमते की शेजाऱ्यांना वाटून उरावी. आम्हाला हवा होता आडोसा. बैठक कुठे संपते आणि स्वयंपाकघर कुठे सुरू होतं, हे सांगणारी एखादी हळुवार सीमारेषा. लाकडी फडताळ आमच्या ऐपतीबाहेरचं. भिंत बांधायची तर घरमालकीण आमच्या ऐपतीबाहेरची.

या आडोशावर माझं सारं आयुष्य टांगलेलं होतं. कारण माझे सासरे!

चिंतामणराव हे अकोल्यातले नामांकित वकील. लग्नानंतर ते एकदाच आमच्याकडे आले, दारात उभे राहिले, आणि आत पाऊल न टाकता त्यांचं संपूर्ण घर पाहून झालं.

"जावईबापू," ते म्हणाले, "ही खोली आहे की कोठडी? आणि कोठडी असेल तर सांगतो, कोठडीलासुद्धा कायदा आहे. इतकी जागा, इतका उजेड, इतकी हवा!"

"बाबा, हळूहळू सजवणार आहोत."

"सजवा. गौरीजेवणाच्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा येतो. माणसांनी राहण्याजोगं वाटलं तर माझी हरकत नाही. नाही वाटलं, तर दोघांनी सामान बांधायचं आणि अकोल्याला यायचं. आमचा वरचा मजला रिकामाच आहे."

वरचा मजला! तिथे दिवे वेळेवर मालवले जातात, नळ मोजून उघडले जातात आणि जेवताना कुणी बोललं तर त्यावर रीतसर हरकत घेतली जाते. तिथून मी रोज आगगाडीनं बडनेऱ्याला येणार, आणि अख्खं अकोला मला एकाच शब्दानं ओळखणार: घरजावई! हा शब्द मुक्तछंदातसुद्धा बसत नाही.

आता एक गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी, कारण पुढे माझ्या बचावासाठी एवढा एकच मुद्दा मला उपलब्ध आहे. माझ्या आणि मैथिलीच्या, दोन्ही घरांत गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून मुक्यानं आणलेले खडे, ताम्हनात मांडलेले. त्यामुळे गौरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खडे येतात. बाकी वऱ्हाडात महालक्ष्म्या उभ्या करतात, साड्या नेसवतात, सारी गल्ली प्रसादाला जेवते, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि ऐनवेळी आठवणं यांत फार मोठं अंतर असतं. परीक्षेत माझे विद्यार्थी ते अंतर दरवर्षी सिद्ध करतात.

खडे मुलीनं आणायचे म्हणून मैथिली गौरी येण्याच्या आदल्या दिवशी माहेरी, अकोल्याला निघाली. बसस्टँडवर म्हणाली, "मी नसताना घरात काही करू नकोस हं."

"माझ्यावर विश्वास ठेव."

"तेच तर जमत नाही!"

बस गेली आणि परतताना मला साक्षात्कार झाला. एक कापडाचं दुकान बंद होत होतं आणि त्याच्या दारात दोन पुतळ्या उभ्या होत्या. साड्या नेसवून काचेत ठेवतात तसल्या. पण डोकी नसलेल्या. कमरेत किंचित कललेल्या, हात पुढे, जणू काही मागत होत्या आणि जगानं ते दिलं नव्हतं. मी थबकलो. आधुनिक माणसाची सारी व्यथा त्या दोघींत एकवटली होती! शिवाय दुकानदार त्या जवळजवळ फुकट द्यायला तयार होता.

दोन खांब, मध्ये दोरी, दोरीवर पडदा. झाला आडोसा!

पहिली पुतळी स्कूटरवर मागे बसवून, ओढणीनं स्वतःशी बांधून मी निघालो. चौकात पोलिसानं शिट्टी मारली.

"मागच्या बाईचं हेल्मेट कुठी हाये?"

"साहेब, तिला डोकं नाही."

त्यानं पुतळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "अन् तुमाले?"

दुसरी पुतळी मी ऑटोरिक्षातून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कामाला लागलो. खांब उघडे नकोत म्हणून त्यांना मैथिलीच्या साड्या नेसवल्या, एकीला मोरपंखी, दुसरीला डाळिंबी. निऱ्या घालायला मी मोबाइलवर पाहून शिकलो. कवीला लय समजत असेल तर निरी अवघड नाही. डोक्यांच्या जागी मातीची दोन मडकी उपडी बसवली, त्यांना बारीक छिद्रं पाडली आणि आत बल्ब सोडले. उजेड कसा यावा? चाळणीतून पीठ यावं तसा! मागे जरीच्या काठाचा पडदा. गणपतीचे दिवस, बाजारात झिरमिळ्या आणि मोत्यांच्या माळा स्वस्त. त्या वर लावल्या. मडक्यांच्या कडेनं मैथिलीचे जुने गजरे, नकली पण टवटवीत. वायर भिंतीच्या कडेनं न्यायला पुरेना, म्हणून सतरंजीखालून आणली. एक उणीव तेवढी राहिली: कुठेतरी जोड सैल होता. बल्ब मनाला येईल तेव्हा लागत, येईल तेव्हा विझत. कलावंतांचं असंच असतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मागे सरून पाहिलं आणि माझं मलाच भरून आलं. त्या दीड खोलीला प्रथमच एक आतलं आणि एक बाहेरलं मिळालं होतं!

इतक्यात दारात जयवंताकाकू आल्या. आमच्या घरमालकीण. यजमान सहदेवभाऊ वलगावला फुलशेती करतात, काकू इथे फुलं विकतात, आणि दोघंही बोलतात ते चार घरांना ऐकू जावं अशा बेतानं. भाडं मागायला आल्या असाव्यात, असं मला वाटलं. पण त्यांचं लक्ष पुतळ्यांकडे गेलं आणि त्यांच्या हातातली परडी कलली.

"मायबाई!" त्या पुटपुटल्या. "मास्तर! हे तुमी केलं?"

"एकट्यानं!" मी म्हणालो. प्रतिभेनं कधी खोटा संकोच करू नये.

"काय रूप आलंय बाप्पा! डोये भरून आले माहे." आणि त्यांनी चक्क हात जोडले.

वाचकहो, आजवर माझ्या एकाही कवितेला कुणी हात जोडले नव्हते. संपादकांनी जोडले होते, पण ते वेगळ्या अर्थानं.

"पन मास्तर, तोंडं नाई बसवली?"

"कलेत चेहरा सुचवायचा असतो, काकू. दाखवायचा नसतो."

"असं का? तुमच्यात मडक्याचे असतात वाटते. ज्याच्या-त्याच्या घरची रीत! आमच्यात पितळेचे होते." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "अन् बाळं कुठी हायेत?"

मी लाजलो. "काकू, लग्नाला अजून वर्षही झालं नाही."

"मंग काय झालं? बाळं पायजेच! बाळाबिगर बऱ्या दिसतात का?"

"तसा आमचा विचार आहे, पण एवढ्यात नाही."

"माह्याजवळ दोन हायेत पडलेले. आनून ठेवू का?"

मी थक्क झालो. मूलबाळाच्या बाबतीत वऱ्हाडी माणूस इतका उदार असेल, याची मला कल्पना नव्हती! "नको, नको," मी कसाबसा म्हणालो.

काकूंनी पुतळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. नव्या घराला शुभेच्छा देण्याची ही पद्धत मला अतिशय काव्यमय वाटली. जाताना त्या दारात थांबल्या. "मास्तर, उद्या किती वाजता येऊ?"

"काकू, हे काय विचारणं झालं? केव्हाही या! सगळ्यांना घेऊन या!"

"सगळ्याइले?"

"अख्ख्या गल्लीला!" मी हात पसरून म्हणालो. माझी कीर्ती पसरायला निघाली होती. मी तिला अडवणारा कोण?

तासाभरात जिन्यावर पावलं वाजू लागली. बायका आल्या, पाहून गेल्या, हात जोडून गेल्या. कुणी खण ठेवला, कुणी नारळ. मी प्रत्येकीला रंगसंगती समजावून सांगत होतो. त्या माना डोलावत होत्या आणि माझ्याकडे न पाहता पुतळ्यांकडे पाहत होत्या. मी म्हटलं, हीच खरी रसिकता! कलाकृती समोर असताना कलावंताकडे पाहतं कोण?

मग जानराव आले. बडनेऱ्याच्या रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आता गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. ते सतरंजीवर आले, गुडघे टेकले, आणि थेट साष्टांग आडवे झाले. त्या क्षणी दोन्ही मडकी लख्ख उजळली!

बायकांच्या तोंडून एकच हुंकार निघाला. जानराव दचकून उठले. मडकी विझली.

"पाह्यलं का?" जानराव कापऱ्या आवाजात म्हणाले.

"ते लूज कनेक्शन आहे," मी म्हणालो. "वायर सतरंजीखालून..."

"मास्तर, तुमी गप ऱ्हा!"

ते पुन्हा आडवे झाले. मडकी पुन्हा उजळली! मग रांगच लागली. टेकला गुडघा की पेटलं मडकं. जानरावांनी व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. मी मात्र खिडकीशी उभा राहून विचार करत होतो, आपल्या सजावटीत माणसाला गुडघे टेकायला लावण्याची ताकद आहे, हे चिंतामणरावांच्या कानावर कसं घालावं?

स्तुती ऐकताना माणसाचे कान उघडे असतात आणि बाकी सर्व इंद्रियं रजेवर जातात. म्हणूनच मला जे कळायला हवं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

जयवंताकाकू भल्या सकाळी आल्या, स्वयंपाकाचा मोठा गंज घेऊन.

"मास्तर, आंबील शिजोली का?"

"कसली आंबील?"

"कसली मंजे? आज महालक्ष्म्याचं जेवन नाई का? सोळा भाज्या व्हायच्या हायेत, करंज्या-पापड्याइचा फुलोरा बांधाचा हाये, अन् तुमी उभे काऊन हा असे, खांबावानी?"

खांबासारखा! मी पुतळ्यांकडे पाहिलं. प्रथमच पाहिलं. दोघी शेजारी उभ्या, साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या, वर मोत्याच्या झिरमिळ्या, अंगावर हळद-कुंकू, पायाशी खण-नारळ. माझ्या पायांखालची सतरंजी सरकली. म्हणजे खरंच सरकली, आणि मडकी एकदा लुकलुकली.

"काकू," मी खाली बसलो, "मला तुम्हाला काही सांगायचं आहे. या महालक्ष्म्या नाहीत. हे पडद्याचे खांब आहेत! कापडाच्या दुकानातून आणलेले. मला फक्त आडोसा करायचा होता."

काकूंनी गंज खाली ठेवला. मी मान खाली घालून निकालाची वाट पाहत होतो. आता खोली रिकामी करा म्हणतील; आणि ती रिकामी झाली की पुढे वरचा मजला, अकोला, घरजावई!

"मंग काय झालं जी?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमच्या सासूच्या तं ज्वारीच्या कोठ्या होत्या, पत्र्याच्या. वर्षभर त्याइच्यात दाने भरलेले. भादव्यात पुसल्या, लुगडं नेसोलं, हळद-कुंकू लावलं, झाल्या माय. कोठी काय अन् खांब काय? नेसोलं अन् पूजलं मंजे आल्या!"

"पण मी पूजलं नव्हतं."

"मी पूजलं ना!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "वाटनीत आमच्या महालक्ष्म्या वलगावले धाकट्या जावेकडं गेल्या. तवापासून या घरात भादवा सुना जाये. काल तुमच्या दारात पाह्यल्या, अन् मले वाटलं, आल्या बाई आपल्याकडं, जिना चढून आल्या! आता तुमी त्याइले खांब म्हनू नका. उभ्या केल्या त्या केल्या."

मी जागेवरच मैथिलीला फोन लावला.

"मैथिली, एक किरकोळ अडचण आहे. आपल्याकडे महालक्ष्म्या आल्या आहेत."

"कुणाकडे?"

"आपल्याकडे. उभ्या. दोन."

"कुणी उभ्या केल्या?"

"मी. पण ते अनवधानानं झालं."

"अनवधानानं माणसाच्या हातून दूध उतू जातं, ईशान! महालक्ष्म्या कशा उभ्या राहतील? आणि साड्या कुठून आणल्यास?"

"मोरपंखी तुझी..."

"आणि दुसरी?"

"डाळिंबी."

"ती मी अजून एकदाही नेसलेली नाही," ती सावकाश म्हणाली. "बाबा आज संध्याकाळी घर बघायला येणार आहेत हे लक्षात आहे ना?"

"आहे. पण त्याआधी अख्खी गल्ली जेवायला येणार आहे."

"कुणी बोलावलं?"

"मीच. तेही अनवधानानं."

आता ती रडणार, असं मला वाटलं. पण मैथिली वकिलाची मुलगी आहे. प्रकरण हाताबाहेर गेलं की तिचा आवाज थंड होतो. "काकूंना म्हणावं, जसं करायचं तसं करा. आल्या आहेत ना, मग नीट जेवू घालायचं. आणि हे बघ, तू कशालाही हात लावू नकोस!"

तो आदेश पाळणं सोपं गेलं, कारण मला हात लावायला जागाच उरली नव्हती. गल्लीतल्या बायकांनी माझं घर ताब्यात घेतलं. एका घरून पडवळ आलं, एका घरून कोहळं, कुणाची पुरणाची कढई, कुणाचा पाट्यावर वाटलेला मसाला. सहदेवभाऊ वलगावहून झेंडूची पोती घेऊन आले आणि दाराची चौकट, खिडकी, कठडा, स्कूटर असं जे जे स्थिर होतं त्याला हार घातला. मीही थोडा वेळ स्थिर होतो, मलाही पडला! जयवंताकाकूंनी पितळेचे नव्हे, तर नव्यानं घेतलेले मुखवटे मडक्यांवर बांधले आणि कालची ती दोन बाळं, म्हणजे महालक्ष्म्यांपुढे ठेवायची लाकडी बाळं, पुढ्यात आणून ठेवली. मी ओशाळून दुसरीकडे पाहिलं.

दुपारनंतर पंगती सुरू झाल्या. आत दहा-बारा माणसं मावत, बाकीची जिन्यावर, अंगणात, गल्लीत. व्हिडिओ बडनेऱ्यापर्यंत पोचला होता, अनोळखी माणसं "उजळणाऱ्या महालक्ष्म्या इथीच का जी?" असं विचारत येत होती. आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझी छाती फुगत होती! लोक जेवून उठत, तांब्यानं हात धूत आणि म्हणत, "घर लहान हाये, पन किती परसन्न वाटून ऱ्हायलं!" आडोसा, उजेड, आपलेपणा, सजावटीच्या पुस्तकात ज्या गोष्टींसाठी वेगवेगळी प्रकरणं असतात, त्या सगळ्या मी दोन बिनडोक्याच्या पुतळ्यांत साधल्या होत्या.

दिवेलागणीला रिक्षा थांबली. मैथिली उतरली आणि मागोमाग चिंतामणराव. कोट, छत्री, आणि निकाल आधीच लिहून आणलेला चेहरा.

"हे काय?" जिन्यावरच्या चपला पाहून ते म्हणाले. "मोर्चा आहे का?"

"प्रसाद हाये साहेब," जानराव म्हणाले. ते जिन्याच्या तोंडाशी व्यवस्था पाहत होते. "लायनीत या."

"मी या घरच्या जावयाचा सासरा आहे!"

"मंग तर लायनीत पयले उभं ऱ्हायले पायजे होतं. आता आले तं मागून या."

चिंतामणराव, ज्यांच्यासाठी अकोल्यात कारकून उठून उभे राहतात, ते माझ्या घरी यायला रांगेत उभे राहिले! मी वरून पाहत होतो. हा क्षण आयुष्यात पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं.

शेवटी ते आत आले. त्यांनी भिंती पाहिल्या, झिरमिळ्या पाहिल्या, पंगत पाहिली. मग पुतळ्यांपाशी येऊन थांबले आणि चष्मा पुसला.

"जावईबापू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आपल्या दोन्ही घरांत खडे. मग या उभ्या कशा?"

"बाबा, ते सविस्तर सांगावं लागेल."

"सांगालच. अकोल्याला. निवांत."

मैथिलीनं माझ्याकडे पाहिलं. आजवर हसून सगळं निभावणाऱ्या तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की तिलाही जायचं नाहीये. या दीड खोलीतून, या फुगलेल्या खिडकीपासून, तिलाही जायचं नाहीये!

"नमस्कार करा ना जी," जयवंताकाकू म्हणाल्या. "अन् पाहा, कश्या उजळतात!"

सगळी पंगत हातातला घास थांबवून पाहू लागली. चिंतामणराव सतरंजीवर आले. गुडघे टेकले. मान लववली.

आणि अंधार! मडकी उजळली तर नाहीतच, पण छतावरचा बल्बही गेला, पंखाही गरगरत थांबला. बाहेर गल्लीतली लाइट गेली. फक्त समई जळत होती, आणि तिच्या उजेडात चिंतामणरावांची ओणवी पाठ.

"काय मनात आनलं जी तुमी?" काकूंचा आवाज आला.

"मी? काही नाही! वीज गेली आहे. यात माझा काय संबंध?"

"सकायपासून एवढ्या लोकाइनं पाया पडले, एकदाबी नाई गेली! तुमी टेकले अन् गेली! मनात काय होतं ते सांगा."

"हा पुरावा होत नाही, बाई. हा योगायोग आहे."

"साहेब," अंधारातून जानराव म्हणाले, "एका मानसाच्या मनात आलं अन् अख्ख्या गल्लीची लाइट गेली. सांगून टाका. आमची पुरनपोयी आंधारात चालली."

"मला अशा रीतीनं प्रश्न विचारता येणार नाहीत!"

"विचारता येतात," मैथिली शांतपणे म्हणाली. "देवासमोर आहात बाबा. खरं सांगायचं."

इतकी वर्षं दुसऱ्यांची उलटतपासणी घेणारा माणूस गुडघ्यांवर बसून घामाघूम झाला होता. "बरं," ते म्हणाले. "मी यांना अकोल्याला न्यायला आलो होतो. माझ्या घरी."

"अरे देवा!" पंगतीतून सूर उमटला.

"पाहा!" काकू कडाडल्या. "महालक्ष्म्या आलेल्या घरातून पोराइले उठवून नेता? त्याइनं पुढच्या वर्षी यावं कुठी? बंद दाराशी? घ्या ते मनातलं वापस!"

"घेतलं."

लाइट आली नाही.

"मनापासून घ्या!"

चिंतामणरावांनी एकदा अंधारात बसलेल्या त्या साऱ्या माणसांकडे पाहिलं. कुणीतरी त्यांच्यासाठी पान वाढून ठेवलं होतं. समईच्या उजेडात त्यावरची पोळी तेवढी दिसत होती. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "राहू द्या यांना इथंच." आणि पुन्हा मान लववली.

पंखा गुरगुरला. छतावरचा बल्ब लागला. मडकी उजळली, आणि त्या उजेडात महालक्ष्म्यांचे मुखवटे असे काही हसले की, मी साहित्याचा विद्यार्थी असूनही उपमा शोधायचं विसरलो. जानरावांनी आरोळी ठोकली. खालच्या पंगतीतल्या लोकांनी, काय झालं हे न कळता, त्याहून मोठी ठोकली!

हात धुताना चिंतामणराव माझ्या कानाशी आले. "जावईबापू, वायर सतरंजीखाली आहे. माझ्या गुडघ्याला टोचली."

"मग बाबा, तुम्ही..."

"आमच्या दारात माणसं येतात ती पुढची तारीख विचारायला," ते म्हणाले. "जेवून ढेकर देणारं माणूस मी फार दिवसांनी पाहिलं."

मी जिंकलो होतो! दीड खोली राहिली, इज्जत राहिली, आडोसा राहिला. जयवंताकाकूंनी जाहीर केलं की, महालक्ष्म्या आहेत तोवर या खोलीत दुसरा भाडेकरू येणार नाही. माझी मान इतकी ताठ झाली की सहदेवभाऊंनी विचारलं, "लचकली का?"

एवढ्यावर ही कथा संपली असती, तर तिला एक भव्यता आली असती.

पण चिंतामणराव "विसर्जनापर्यंत थांबतो" म्हणाले. मग "पितृपक्षात प्रवास नको" म्हणाले. मग नवरात्र लागलं. अकोल्याहून त्यांची एक ट्रंक आली, मग एक आरामखुर्ची. आडोशाच्या आतली बाजू त्यांना फार आवडली; बाहेरली बाजूही त्यांनी तात्पुरती घेतली. संध्याकाळी जानराव, सहदेवभाऊ आणि अर्धी गल्ली त्यांचा सल्ला घ्यायला येते, आणि काकू सगळ्यांना चहा देतात. आमच्या कपात.

परवा मी तास संपवून घरी आलो, तर दारात चपलांचा ढीग. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून उंबऱ्याशीच घुटमळलो. आडोशापलीकडून सासऱ्यांचा प्रसन्न आवाज आला:

"कोण आलंय? या, या! संकोच करू नका. घर बघायला लोक रोज येतात. सजावट सगळी माझीच आहे!"

मी अदबीनं चपला काढल्या, आणि इतरांबरोबर घर पाहून आलो. खरंच सांगतो, छान सजवलंय!